खोळीचं टोक

आमचा धंदा गाद्यांचा. जुनी गादी उसवायची, कापूस पिंजायचा, पुन्हा भरून टाके घालायचे. त्या दिवशी बंदराजवळच्या एका लॉजच्या गच्चीवर आम्ही दोघं नवराबायको काम घेऊन बसलो होतो. ऊनही छान पडलं होतं. दुपारी मोठी सुई मोडली.

"दुसरी मीच आणते. तुम्ही जिना उतरलात तर परवा वर याल," ती म्हणाली आणि हसत खाली गेली.

तेवढ्यात धरणी हलली. हलली कसली, कुणी चादर झटकावी तशी झटकली. शेजारची इमारत गुडघे मोडल्यासारखी खाली बसली आणि आतला आरडाओरडा एकदम बंद झाला. आमचा जिनाही कोसळला. मी कठड्यावरून वाकून हाका मारल्या. ती रस्त्यात उभी होती. कपाळ फुटलेलं, पण उभी.

"अहो, मी आहे!"

"तिथंच थांब. खोळ सोडतो."

गादीच्या खोळी म्हणजे जाड पट्ट्यापट्ट्यांचं कापड, माणूस तोलणारं. एकीला एक बांधत मी समोर पाहिलं, तर समुद्र जागेवर नव्हता. होड्या चिखलात आडव्या पडलेल्या. मग लांबून गुरगुर आली...

तिनं टोक मनगटाला गुंडाळलं. मी ओढू लागलो. ती अर्ध्यावर आली आणि पाणी आलं. पाणी कसलं, काळी भिंत. त्या पाण्यात मोटारी, दारं, माणसं. एक तुळई सरळ तिच्यावर आली. तो आवाज मी सांगणार नाही. खोळ हातात हलकी झाली.

तरी ओढतच राहिलो. तळहातांची सालटी निघाली. आणि पुन्हा वजन लागलं. कठड्यावर तिचा हात आला.

"किती वेळ लावलात हो..."

अंगावर ओरखडा नाही. कपाळही धड. मी काही विचारलं नाही. हाती आलेलं माणूस कोण परत ढकलतं?

पाणी ओसरल्यावर आम्ही टेकडीवर माझ्या भावाच्या घरी राहिलो. एका सकाळी पोलीस दारात आला.

"आजोबा, बायकोची ओळख पटवायला चला."

"ती आत भांडी घासतेय की!"

"चला तर खरं. लोक म्हणतात, गादीवालीच आहे."

शाळेच्या मैदानात त्यानं एका प्रेतावरची चादर बाजूला केली. छाती चेपलेली. कपाळ फुटलेलं. तोंड तिचंच. मनगटाला पट्ट्यांच्या कापडाचं फाटकं टोक.

"याच ना?"

हो म्हटलं, तर घरात जी आहे ती राहील का? मला एवढंच सुचलं.

"नाही... कुणी परकी आहे."

बेवारशी म्हणून तिला त्याच संध्याकाळी बाकीच्यांबरोबर मैदानामागच्या खड्ड्यात पुरणार होते.

घरी आलो. ती उंबऱ्यात बसली होती.

"कोण होती हो?"

"कुणी नाही."

उन्हं कलली. बोलता बोलता तिनं तोंडावर हात धरला.

"अहो... तोंडात माती येतेय."

तेव्हापासून रोज चूळ भरायला मी तिला तांब्या देतो. ओली माती पडते. बाकी सगळं ठीक. जेवते, मला टोमणे मारते, टाके माझ्यापेक्षा सरळ घालते.

काल मातीबरोबर एक बारीक पांढरं मूळ बाहेर आलं. चिमटीत धरून मी ओढू लागलो. संपेचना. तिनं माझा हात दाबला.

"हळू... पलीकडूनही कुणीतरी ओढतंय."