मामाची हळद

"फूऽऽस्!"

ढाणकीच्या भर बाजारात वामनरावांच्या काळ्या मोटारीने नाकातून वाफ सोडली. वांग्यांच्या पाट्या तशाच टाकून माणसं बघायला धावली. मागच्या सीटवरून बेबी, फुलचंद आणि जमनी टणाटण खाली उतरले.

"पुन्हा तापली!" बेबीने कपाळावर हात मारला.

पुढून उतरले सदाशिवराव, बेबीचे मामा. दिवाळीला म्हणून बहिणीकडे फुलसावंगीला आले, ते तुळशीचं लग्न उलटलं तरी हलले नव्हते! धोतराची कडक घडी सावरत ते सगळा बाजार ऐकेल असे ओरडले, "हिरासिंग! पाणी घातलं नाहीस ना? दाजी, मी म्हणत नव्हतो? तांड्यातल्या माणसानं बैल हाकावेत. मोटार हाकणं त्याचं काम नाही!"

लोक खो-खो हसले. बेबीच्या वडिलांनी, वामनरावांनी, नुसता हात पुढे केला. हिरासिंगने मोटारीची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली आणि मान खाली घातली.

हिरासिंग म्हणजे मोटारीचा ड्रायव्हर, जमनीचा बाप. सकाळी त्याने गच्च पाणी भरलेलं तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. ती खाली गेलेली मान बघून पोरीच्या डोक्यात असा जाळ उठला की मोटारीची वाफ त्यापुढे गार!

"बेबे, ऐकून ठेव," ती दात आवळून म्हणाली, "याच बाजारात, याच लोकांपुढं तुह्या मामाच्या तोंडून 'चूक माझी' ऐकीन, तवाच तुमच्या घरचं पाणी पिईन!"

"अवं, पण मामा माहा आहे ना!"

"मग ठरव. मामा, का मी?"

बेबीने फार वेळ घेतला नाही. "मामा रोज माही वेणी ओढते. चाल, तूच!"

परतताना मामांनी स्वतः पाणी भरलं, स्वतः चाक हातात घेतलं. गावाची शीव दिसते न दिसते तोच, "फूऽऽस्!"

"आता कोणावर खापर फोडन?" फुलचंद जमनीच्या कानात कुजबुजला. तो तिचा चुलतभाऊ, जिभेचा तिच्याइतकाच तिखट. "आता तं पाणी यानंच भरलं!"

मोटार कशीबशी घरी आली. मोठी माणसं आत गेली आणि तिघांनी पुढचं झाकण उचललं. फुलचंदने पंख्याचा पट्टा दाबून पाहिला. घट्ट होता. समोरच्या जाळीत, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या रेडिएटरमध्ये, कापूस अडकला असेल म्हणावं, तर जाळी स्वच्छ. जमनीने जाळीला जपून बोट लावलं.

"आई गं! वर चटका बसते... अन् खाली? खाली तं थंडगार!"

"म्हंजे?"

"वावरातला पाट गवतानं तुंबला की काय होते? वर तळं, खाली कोरडं. हिच्या नळ्या तुंबल्या आहेत! गरम पाणी खाली उतरतच नाही, मंग थंड कुठून होईन?"

फुलचंदने पाण्याच्या टोपणाच्या कडेची पिवळी खरपूड नखाने काढून हुंगली. "आलूची भाजी!"

"हळद!" बेबी ओरडली. "आई हळदीचा डबा शोधून शोधून घर डोक्यावर घेऊन राह्यली!"

"गळती लागली की ती बुजवायले ट्रकवाले चिमूटभर टाकतेत," फुलचंद म्हणाला. " पण चिमूटभर!"

जमनी तोवर वाकून जाळीखाली बघत होती. तिथे पोचा होता, आणि पोच्यात बाभळीची साल! काळी मावसला, म्हणजे दिवाळीच्या अमावास्येला, तिचा बाप तांड्यावर गेला होता. त्या दिवशी मोटार कोणी नेली?

"मामानं. हवा खायले," बेबी म्हणाली. "म्हंजे त्यानंच बाभळीवर ठोकली, अन् गळती बुजवायले आईचा अख्खा डबा ओतला! चाल, बाबांना सांगू!"

"काही नको! आपण सांगितलं तं तो नाही म्हणीन. मले तो उघडा पाडायचा आहे. गावापुढं!"

दुसऱ्या दिवशी जेवताना बेबी मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "आई, उद्या यवतमाळचा मिस्त्री येणार म्हणे! जाळी खोलून आतलं सारं बाहेर काढन!"

मामा अर्ध्या ताटावरून उठले.

दुपारी घर आडवं झालं तसे मामा तार घेऊन बोटांवर चालत निघाले. कापसाच्या ढिगामागे तीन डोकी दबा धरून होती. मामा मोटारीखाली शिरले, खालची तोटी सोडली. थेंब नाही! वैतागून त्यांनी तोंड जवळ नेलं आणि तारेने जोरात कोचलं.

"भऽऽक्!"

मिशा, छाती, धोतर, सारं पिवळंजर्द!

फुलचंदने थाळी बडवली. बेबी गळा काढून ओरडली, "या हो या! माह्या मामाले हळद लागली!"

अख्खा मोहल्ला लोटला. बेबीची आई तानाबाई धाकट्या भावाचा तो अवतार बघून गरजली, "सदू! माही हळद!"

"हिरासिंगनं टाकली असेल!"

"मंग तुम्ही काहून काढून राह्यले?" जमनी कमरेवर हात देऊन पुढे आली. "अन् ते बी चोरून?"

वामनरावांनी पोच्यावर बोट ठेवलं.

"ते... झाड मधेच आलं..."

"बाभूळ चालत आली का रस्त्यावर?" फुलचंदने विचारलं.

हशा उसळला. मामा पिशवी शोधायला लागले. "मी आत्ताच्या सर्व्हिस मोटारीनं गावी जातो."

"अंहं!" जमनी आडवी आली. "हळद लागलेल्या नवरदेवानं शीव ओलांडायची नसते!"

"बरोबर बोलली पोरगी," तानाबाई म्हणाली. "सद्या, आता जाशील तो वरातीनंच. बाजाराच्या दिवशी!"

आणि वरात निघाली! हिरासिंगचे बैल मोटारीला जुंपले आणि कासरा दिला मामांच्या हातात. चाकावर बसला हिरासिंग, ताठ मानेने. मामा हाट-हाट करून घामाघूम झाले. बैल कधी बांधाकडे ओढत, कधी मधेच बसकण मारत.

"बैल हाकणं बी सोपं नाही, मामा!" फुलचंद म्हणाला.

ढाणकीच्या बाजारात तीच माणसं, त्याच वांग्यांच्या पाट्या. मामा खालच्या मानेने पुटपुटले, "चूक माझी."

"ऐकू नाही आलं!" जमनी म्हणाली.

"चूक माझी होती! हिरासिंगची नाही!"

वामनराव हिरासिंगपुढे उभे राहिले. "न विचारता किल्ली घेतली, हे माझंही चुकलं," म्हणत त्यांनी किल्ली दोन्ही हातांनी परत दिली. "पोरांनो, मिस्त्रीला जमलं नसतं ते केलंत तुम्ही!"

तानाबाईने घरून आणलेला तांब्या जमनीपुढे धरला. "वाघीण आहेस. घे, पी आता."

जमनी घटाघट प्यायली. तळाशी थोडं ठेवून तिने तांब्या मामांपुढे केला.

"घ्या, तोंड धुवा," ती गोड आवाजात म्हणाली, "पण हळद आमच्या रानची आहे. होळीपर्यंत निघत नाही!"