चिंधी बांधलेलं तण

माझी लेक सायली झोळीत झोपली आहे. ती उठेपर्यंतचा वेळ माझा, म्हणून आत्ताच लिहून घेते.

मखमलाबादला आमची शेवंती आहे. सासरे पहाटे फुलं घेऊन नाशिकच्या बाजारात जातात, माझा नवरा सोमनाथ पाणी आणि फवारणी बघतो, आणि मी, वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलेली सून, दुपारी बांधावरून एक फेरी मारते. लग्नाआधी तणं ओळखणं हेच माझं काम होतं. गाजरगवत मी दोन पानांवर असताना ओळखते, घाणेरी डोळे मिटून, वासावरून. घरात याची थट्टा होते. ‘‘आमच्याकडे गवताला आधी नाव विचारतात, मग उपटतात,’’ असं सोमनाथ पाहुण्यांना सांगतो.

यंदा गणपती उठल्यावर विहिरीकडच्या बांधावर एक रोप दिसलं आणि मला नाव सुचेना. वीतभर उंच. लालसर खोडावर बारीक, मऊ लव. चिंचेसारखी जोडीजोडीनं लागलेली पानं, पण जाड, हाताला कोमट लागणारी. पान चोळलं तर उन्हात वाळलेल्या दुपट्याचा वास आला. झाडं ओळखणारं अॅप एकदा टाकळा म्हणालं, एकदा शेवरी. दोन्ही नव्हतं. कॉलेजच्या सरांना फोटो पाठवला, ते म्हणाले, फूल आलं की बघू. कोंबडखताच्या गोण्यांतून कुठलंसं परदेशी बी आलं असणार, असं मी धरून चालले.

चिंचेची, टाकळ्याची पानं दिवेलागणीला मिटतात, त्यात नवल नाही. हे मात्र भर उन्हात मिटलेलं दिसायचं आणि अंधार पडताना टक्क उघडं. ऊन, पाणी, वारा, कशाशीच मेळ बसेना.

एका दुपारी मी समोर उभी असताना ते मिटलं. खालच्या जोडीपासून वर, एकेक पान, अगदी सावकाश. भाजी काय करायची ते विचारायला मी तेवढ्यात घरी फोन लावला होता.

‘‘हळू बोल,’’ सासूबाई कुजबुजल्या. ‘‘आत्ताच डोळा लागलाय तिचा.’’

योगायोग म्हणून सोडून दिलं असतं, पण तपासल्याशिवाय सोडायची सवय नाही. पुढचे काही दिवस तपासलं. पानं मिटलेली, की सायली झोपलेली. पानं उघडली, की मी घरी पोचेपर्यंत झोळीतून कुरकुर ऐकू यायची. शेवटी तिला खांद्यावर घेऊन बांधावर गेले आणि थोपटत राहिले. तिच्या पापण्या जड झाल्या तशी पानं कलली. ती दचकली तशी थरथरून उघडली, पुन्हा कलली. मला भीती वाटली नाही, खरंच नाही. देवळात गाभाऱ्याशी आल्यावर आवाज आपोआप खाली येतो तसं काहीतरी झालं. हात जोडावेसे वाटले, पण हातांत ती होती.

त्याच आठवड्यात फोनमध्ये तिचे फोटो शोधत होते. फोन चेहरे ओळखून एकेकाचे फोटो आपणहून वेगळे लावतो. सायलीच्या फोटोंत रोपाचे सगळे फोटो लागलेले होते.

दसऱ्याआधी बांधाची खुरपणी असते. खुरपणाऱ्या बायकांनी हात लावू नये म्हणून मी सायलीच्या जुन्या झबल्याची चिंधी फाडली आणि रोपाला सैलसर बांधली. कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय?

खुरपणीच्या दिवशी मी घरी होते. सायलीची दूध प्यायची वेळ टळून गेली, पान्हा दाटून कळा यायला लागल्या, तरी ती उठेना. उचलली तर मान लुळी. श्वास चालू होता. डोळ्यांना पाणी लावलं, तळव्यांना टिचक्या मारल्या. सासूबाईंनी तिला माझ्याकडून घेतली. ‘‘सोमनाथला गाडी काढायला सांग,’’ त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. तो गोठ्याकडून धावत आला. आणि मी मात्र उलटी, शेताकडे पळाले.

खुरपणाऱ्या लंकाबाई बांधावर पाणी पीत बसल्या होत्या.

‘‘चिंधी बांधलेलं रोप कुठंय?’’

‘‘उपाटलं की, वैनी. रोगट झाडालाच चिंधी बांधता ना तुम्ही?’’

बरोबर होतं. शेवंतीला रोग दिसला की सोमनाथ त्या झाडाला चिंधी बांधतो आणि मागून बायका ते उपटून टाकतात. लग्न झाल्यापासून बघत आलेय. बांधताना मला फक्त कॉलेजातल्या, राखून ठेवायच्या झाडांच्या चिठ्ठ्या आठवल्या होत्या.

‘‘लय खोल मूळ व्हतं,’’ लंकाबाई म्हणाल्या. ‘‘सुटंचना.’’

ढिगातून मी ते काढलं. पानं मिटलेली. मूळ पांढरं, लांब, अजून ओलं.

हातांनीच खड्डा उकरला. रोप ठेवलं, माती लोटली, लंकाबाईंची पाण्याची बाटली ओतली.

‘‘वैनी, तण लावता व्हय?’’ त्या हसत म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून पदर सावरत उठल्या.

घराकडे गाडी चालू झाल्याचा आवाज आला.

पानं हलली नाहीत.

मी खोडाभोवती हात धरून बसले.

खालची एक जोडी उघडली. मग तिच्या वरची.

घराकडून सायलीचं रडणं ऐकू आलं.

डॉक्टरांना काही सापडलं नाही. गाढ झोप लागली असेल, म्हणाले. परतताना गाडीत मी सोमनाथला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यानं रोपाभोवती दगड लावले. फवारणीचा पंप तो त्या बांधाच्या अलीकडूनच वळवतो. सायली रात्री झोपायला त्रास देते तेव्हा तो बॅटरी घेऊन बाहेर जातो आणि येऊन सांगतो, ‘‘मिटायला लागलीत, झोपेल आता.’’

परवा दगडांच्या आत नवे कोंब दिसले. लालसर, लव असलेले, पानं घट्ट मिटलेली. या वेळी ओळखायला वेळ लागला नाही. म्हणून काल औषधाच्या दुकानातून चाचणी आणली. खरं निघालं. सोमनाथला आज संध्याकाळी सांगेन.

सोनोग्राफीला अजून अवकाश आहे. बांधावर कोंब दोन आहेत.