मुंग्यांचा वास

विश्वास ठेवायचा तर ठेवा. भुताखेतांच्या गोष्टींना मी आजवर हसतच आले. पण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय.

ईस्टरआधीचा गुरुवार. ऑस्लो. दुपारचे दोन. अख्खं शहर ईस्टरच्या रिवाजाप्रमाणे पिशवीत संत्री भरून डोंगरातल्या लाकडी केबिनकडे पळालेलं. प्रयोगशाळेत मी एकटी.

माझा जुना सहकारी हाल्वोर फेब्रुवारीत वारला. त्याने बनवलेल्या भुकटीची एकच नळी उरली होती. ही भुकटी म्हणजे धातू आणि सेंद्रिय दुव्यांची बारीक जाळी. काही दुवे मुद्दाम गाळले की छिद्रं मोठी होतात. किती गळायचे, ते बनवताना घातलेलं आम्ल ठरवतं. हाल्वोरच्या वहीत लिहिलं होतं, व्हिनेगरचं आम्ल.

त्या वहीबरहुकूम त्याची विद्यार्थिनी सुनिवा हिने अकरा वेळा भुकटी बनवली. अकराही वेळा छिद्रं लहान. जूनमध्ये तिची पीएचडीची मुदत संपत होती.

"तोरुन, त्याच्या नळीतली छिद्रं पुन्हा मोजून बघ गं," ती केबिनला निघताना म्हणाली. "नाहीतर मी मेंढ्या राखायला मोकळी!"

मोजायच्या आधी छिद्रं रिकामी करावी लागतात. नळी कालपासून तापत होती. आतली हवा पंपाने ओढून मी बूच घट्ट लावलं. वजन केलं.

कमी झालं होतं. आतला ओलावा उडाला की व्हायलाच हवं.

दहा मिनिटांनी पुन्हा केलं...

वाढलं होतं.

बूच तसंच घट्ट.

"म्हातारे, चष्मा पूस," मी स्वतःलाच म्हटलं. पुन्हा वजन केलं. आणखी वाढलेलं.

मी पंप बंद केला. सगळं चिडीचूप झालं.

टक... टक...

काचेवर नखाचा आवाज. भुकटी खाली बसावी म्हणून हाल्वोर असंच करायचा.

नळी तराजूवर होती. माझे हात खिशात.

मग वास आला... व्हिनेगरचा नव्हे. चिरडलेल्या मुंग्यांचा.

मुंग्यांच्या अंगात असतं ते, फॉर्मिक आम्ल! वहीच चुकली होती.

खरं सांगते, भीतीबरोबर आनंदही झाला. मी सुनिवाला फोन लावला.

"सुनिवा, ऐक..."

"ऐकलं की! फॉर्मिक!" ती रडत होती, हसत होती. "पण त्याचं हे रेकॉर्डिंग तुला कुठे सापडलं?"

"कसलं रेकॉर्डिंग?"

"आत्ता लावलंस ते. 'व्हिनेगर नाही पोरी, मुंग्या.' त्याचाच आवाज होता गं!"

मी तराजूवरच्या नळीकडे पाहिलं.

"जुनं आहे," मी कसंबसं म्हटलं.

बाराव्यांदा भुकटी जमली. जूनमध्ये सुनिवा डॉक्टर झाली.

गेल्या आठवड्यात ती पुन्हा विचारत होती, "तोरुन, ते रेकॉर्डिंग दे ना. त्याची फार आठवण येते."

काय देऊ मी तिला?