वाढवलेलं घर

घाटंजीत बसून मी सिमेंटच्या डब्यांसारख्या घरांचे नकाशे काढते. त्यात पोट भरतं, जीव रमत नाही. म्हणून तांड्यावरचा राजकुमार फोनवर "जोड दिसला नाही पाह्यजे, मॅडम," म्हणाला, तेव्हा मी लगेच स्कूटी काढली. नवी खोली जुन्या घरात बेमालूम मिसळून देणं हे माझं आवडतं काम.

घर साधं होतं. एका ओळीत दोन खोल्या, पुढे ओसरी, वर कवेलूंचं छप्पर, भिंतींना नीळ घातलेला चुना. पूर्वेच्या टोकाला तिसरी खोली हवी होती. राजकुमारची बायको बबिता सातव्या महिन्यात होती. याआधी दोनदा तिचं मूल जन्मताच गेलं होतं, आणि दोन्ही वेळा घरात नवा पाळणा, नवी दुपटी आधीच येऊन पडलेली. या खेपेला नवं काही दिसू द्यायचं नाही, असं तिच्या सासूने, रुपीबाईंनी ठरवलं होतं. खोली बाळासाठीच, पण ती आधीपासूनच तिथे होती असं वाटलं पाहिजे. मला असल्या समजुतींचा राग येतो. पण बबिता पोटावर हात ठेवून माझ्याकडे अशी बघत होती, की मी तो गिळला.

टेप काढता काढता मी म्हणाले, घर पूर्वेला वाढवू. रुपीबाईंनी मला तिथेच थांबवलं.

"वाढवू म्हनू नको, बाई. दिवा वाढोतेत, बांगडी वाढोतेत. घर मोठं कराचं म्हन."

विझणं, फुटणं तोंडातून जाऊ नये म्हणून आपण 'वाढवलं' म्हणतो, हे मलाही ठाऊक होतं. पण ते घराला लावायचं मला कधी सुचलं नव्हतं. बरं, मोठं करू, असं म्हणून मी विषय संपवला.

विटा नेरच्या एका पाडलेल्या घराच्या आणल्या, कवेलू महागावहून. चुन्यात नीळ किती घालायची यावरून धावजी मिस्त्रींशी माझं कडाक्याचं भांडण झालं. चौकटीला जळकं तेल चोपडून ती काळी केली. सगळं असं जुळून येत होतं, की मी स्वतःवरच खूश होते.

शेवटचं कवेलू चढलं त्या दुपारी राजकुमारने नारळ फोडला. घरात ती माणसं गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या भाषेतच बोलत. माझ्यासाठी मात्र तो मुद्दाम मराठीत, खुशीत म्हणाला, "झालं, मॅडम. वाढोलं आमचं घर."

रुपीबाईंच्या हातातलं ताट पडलं नाही की काही नाही. त्या फक्त आत गेल्या आणि बबिताला खेटून बसून राहिल्या.

काही दिवसांनी धावजींचा फोन आला. जोडावर चुन्याचा आणखी एक हात मारायला ते गेले होते, तर त्यांना जोडच सापडेना. तीच तर कमाल आहे आपली, मी म्हणाले. ते हसले नाहीत. भिंत ठोकली तर आवाजही सगळीकडे सारखाच येतो, म्हणाले.

मी तांड्यावर गेले. बबिता उंबऱ्यात उभी होती. चेहरा उतरलेला.

"बाळाच्या खोलीत जाते म्हनून उठते, मॅडम, अन् सैपाकातच येते. मले समजूनच नाही राह्यलं."

गरोदरपणात होतं असं, म्हणत मी तिचा हात धरला आणि तिला घेऊन निघाले. एक दार. दुसरं दार. मग भिंत. मी परत फिरून पुन्हा गेले. भिंतच.

बाहेर येऊन टेप लावली. जुन्या घराची लांबी आली, तेवढीच. जिथे मी उभं राहून पाया खणून घेतला होता, तिथे तुराट्यांचा ढीग होता आणि त्यावर वाळका वेल चढलेला होता.

रुपीबाई मागे येऊन उभ्या होत्या. "हिले घेऊन जा, बाई," त्या हळूच म्हणाल्या. "इथून घेऊन जा."

तसल्या रस्त्यावर अवघडलेल्या बाईला स्कूटीवर कसं न्यायचं? सकाळी जीप घेऊन येते, मी म्हणाले.

सकाळी राजकुमार ओसरीत चहा पीत बसला होता. त्याने मला ओळखलं, घाटंजीच्या नकाशावाल्या मॅडम म्हणून. इकडे कशा काय, त्याने विचारलं.

मी नव्या खोलीचं नाव काढलं.

"कोनती खोली?" तो म्हणाला. "दोनच तर हायेत."

रुपीबाई चुलीशी होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

बबिता पाण्याचा गडवा घेऊन बाहेर आली. पोट सपाट, चाल हलकी. मला रडूच फुटलं. बाळ कुठे आहे, मी विचारलं.

ती बुचकळ्यात पडून हसली.

"आमाले लेकरू कधी झालंच नाही, मॅडम."

तिने गडवा पुढे केला. तिच्या ब्लाउजवर, छातीशी, दोन ओले डाग हळूहळू मोठे होत होते.