पाठमोरे छत्तीस

"मला छत्तीस गुण मिळालेत, आणि का मिळालेत तेही मला ठाऊक आहे!" मुलगी दारातूनच म्हणाली.

"आधी आत तर ये," वहिनी म्हणाल्या. "आणि ही मागे कोण लपलीय, तिलाही घे."

वहिनींचं चौकशी कार्यालय म्हणजे शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. वीस वर्षं त्यांनी न्यायालयात लघुलेखन केलं. माणूस बोलतो काय आणि कागदावर उतरतं काय, हे पाहून पाहून कान असे तयार झाले की निवृत्तीनंतर खासगी तपासाशिवाय दुसरं काही सुचलंच नाही. मदतीला त्यांचे धाकटे दीर. भाऊजींचा धंदा दुकानांचे बोर्ड रंगवायचा. डोकं जरा सावकाश चालायचं, पण मन सोन्यासारखं.

मुलीला वर्गात सगळे 'वकील' म्हणत, कारण ती गप्प म्हणून बसायची नाही. मागची तिची मैत्रीण 'चिऊ', कारण तिचा आवाज कुणी ऐकलाच नव्हता.

वकीलनं अर्ज टेबलावर आपटला. प्रकल्पाची तोंडी परीक्षा होती. उत्तीर्ण व्हायला चाळीस लागतात आणि पुढच्या अभ्यासक्रमाला याच विषयात साठ. छत्तीस म्हणजे वर्ष गेलं, जागाही गेली. अपिलाची मुदत आज पाचपर्यंत. आत्ता एक वाजला होता.

"अर्जात तीन चौकोन आहेत," वहिनींनी चष्मा चढवला. "बेरजेतली चूक, नोंदीतली चूक आणि पक्षपात. तू कुठे खूण करणार?"

"पक्षपात! वर्षभर सरांचा आणि माझा छत्तीसचा आकडा. म्हणून मोजून छत्तीसच दिले."

"बरोबर आहे," भाऊजी म्हणाले. "मी हजारदा रंगवलेत ना! तीन आणि सहा, एकमेकांकडे पाठ करून बसलेले."

"सरांना जाऊन विचारलंस?" वहिनींनी विचारलं.

"कशाला? नाक घासायला?"

"अगं, खालची ओळ वाच. अपील एकदाच करता येतं. पक्षपात म्हटलंस आणि सिद्ध झाला नाही, तर दार कायमचं बंद. पेन खिशात ठेव. चला भाऊजी."

जिन्यात वहिनी मुद्दाम चिऊबरोबर मागे राहिल्या.

"तुझं कसं झालं गं?"

"पार फसलं," चिऊ पुटपुटली. "तक्ताच उलटा लावला मी. सर म्हणाले, अभ्यास करून यायला हवं होतं. आणि मिळाले पंच्याऐंशी. आई म्हणते, देव पावला."

"आणि तू काय म्हणतेस?"

चिऊ पायऱ्या मोजत उतरत राहिली.

परीक्षा विभागात खिडकीशी एक नवी कारकून बसली होती. बिचारीचा तिथला दुसराच महिना. वहिनींनी प्रश्न विचारताच तिचा चेहरा उतरला.

"माझ्याकडून काही चूक नाही हो! त्या दिवशी सकाळपासून मोठ्या ताई टाइप करत होत्या. दुपारी त्यांना ताप भरला, म्हणून शेवटचे पाच तेवढे मी केले. सर क्रमांक आणि गुण बोलत गेले, मी टाइप करत गेले. जसं कानावर आलं तसं, त्याच क्रमानं."

भिंतीवर यादी होती. नावं नाहीत, फक्त आसनक्रमांक. वहिनींनी शेवटचे पाच गुण वहीत उतरवून घेतले: ५५, ३६, ७०, ८५, ६६.

"या पाचांतला छत्तीस माझा," वकील म्हणाली.

"आणि पंच्याऐंशी माझे," चिऊ म्हणाली.

"तुम्ही इथल्याच का हो?" वहिनींनी कारकून मुलीला सहज विचारलं.

"मूळची इथलीच. पण बाबांच्या बदल्या फार. शाळा सगळी इंग्रजीत झाली. बोलते नीट, पण कधीकधी लोक हसतात. मग मी फार विचारत बसत नाही."

तेवढ्यात आतून परीक्षा नियंत्रक मॅडमचा आवाज आला, "सर बेचाळीसमध्ये असतील. त्यांना भेटायला आलेल्यांना चिठ्ठी दे गं!"

कारकून मुलीनं लगबगीनं चिठ्ठी लिहिली, शिक्का मारला, सही केली. चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात होतं: 'खोली २४.'

चोवीस नंबरात मोडकी बाकं होती आणि कोपऱ्यात एक फरशी पुसायचा दांडा उभा होता.

"हे सर?" भाऊजी म्हणाले. "फारच वाळलेत."

झाडणाऱ्या बाई हसायला लागल्या. "सर अजून दोन मजले वर हो, बेचाळीसला!"

"काय हा कारभार!" भाऊजी दोन मजले धापा टाकत चढले. "यांना स्वतःच्या खोल्या ठाऊक नाहीत आणि हे मुलांना गुण देणार."

वहिनींनी चिठ्ठी मात्र नीट घडी घालून पर्समध्ये ठेवली.

मुली बाहेर थांबल्या. सर ताठ बसले होते.

"मी किती गुण दिले ते सांगणार नाही. अपील दाखल झाल्याशिवाय परीक्षकानं तोंड उघडायचं नाही, असा नियम आहे. कच्चा कागद त्याच संध्याकाळी फाडायचा, तोही नियमच."

"पण यादीवर सही तुमची आहे."

"यादीवर क्रमांक असतात. बावीस क्रमांक कुणाच्या लक्षात राहतात? मुला-मुलींनी काय सांगितलं, ते माझ्या लक्षात राहतं."

"त्या मुलीशी तुमचं वाजलं होतं म्हणे?"

"भर वर्गात तिनं माझी मांडणी खोडून काढली, आकडेवारीनिशी. दोन दिवस मला झोप नाही. तिसऱ्या दिवशी मी माझी टिपणं बदलली." सरांनी समोरच्या टिपणांवर बोट टेकवलं. "तिनंच बदलायला लावली."

"आणि तिलाच छत्तीस?" वहिनी म्हणाल्या.

"छत्ती—" सर खुर्चीतून अर्धे उठले, मग ओठ घट्ट मिटून खाली बसले. "तिला अर्ज करू दे. पण कारण नीट लिहायला सांगा."

बाहेर आल्यावर वहिनींनी वकीलचा हात धरला. "'नोंदीतली चूक' यावर खूण कर."

"म्हणजे सर निर्दोष? तुम्हाला कसं कळलं?"

"सांगते. सगळ्यांसमोरच सांगते."

साडेचारला नियंत्रक मॅडमच्या खोलीत सगळे जमले. सर, दोघी मुली, भाऊजी आणि दाराला टेकून उभी असलेली कारकून.

"मॅडम, दुपारी तुम्ही आतून कुठली खोली सांगितलीत?" वहिनींनी विचारलं.

"बेचाळीस."

वहिनींनी चिठ्ठी पुढे केली. "यावर चोवीस आहे. शिक्का तुमच्याच विभागाचा. आधी मलाही वाटलं, घाईतली चूक. पण एक गोष्ट आठवली. आपण आकडा लिहितो सरळ आणि बोलतो उलटा. बे-चाळीस. आधी दोन बोलतो, मग चाळीस. ज्याच्या कानाला हे लहानपणापासून सरावाचं आहे, तो न अडखळता चार आधी लिहितो. ज्याला तो सराव नाही, तो जसं ऐकेल तसं लिहितो. आधी दोन, मग चार. झाले चोवीस."

"म्हणजे यादीसुद्धा?" मॅडमनी चष्मा काढला.

"शेवटचे पाच गुण त्याच हातानं टाइप झाले, 'कानावर आलं त्याच क्रमानं.' त्यांचेच शब्द आहेत. पंचावन्न आणि सहासष्ट उलटे केले तरी तेच. सत्तर हा एकच शब्द, तो त्यांना येतो. म्हणून कुणाला काही खटकलं नाही. आता छत्तीस उलटा करा. सर तोंडानं 'त्रे-सष्ट' म्हणाले असतील. आधी तीन, मग सहा."

दाराशी हुंदका ऐकू आला. "मला नक्की कळत नव्हतं," कारकून मुलगी म्हणाली. "पण विचारलं असतं तर सर हसले असते. आधीच्या ठिकाणी सगळे हसायचे. माझ्यामुळे हिचं वर्ष..."

"अगं, रडतेस काय?" वकील पटकन म्हणाली. स्वतःचे डोळे भरले होते, तरी तिनं आधी तिलाच रुमाल दिला.

"अपील दाखल," मॅडमनी शिक्का उठवला. "सर, आता बोला."

"त्रेसष्ट," सर म्हणाले. "आणि पासष्ट का दिले नाहीत, यावर ती उद्या माझ्याशी भांडेल."

"भांडेनच," वकील म्हणाली. मग तिची मान खाली गेली. "सर, मी पक्षपात लिहिणार होते."

"मीही तुला बोलावून सांगायला हवं होतं की तुझं बरोबर होतं. सांगितलं नाही."

भाऊजींनी हवेत बोट फिरवून दोन आकडे काढले. "बघा वहिनी, सहा आणि तीन. आता तोंडाला तोंड!"

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. "पाचांतला आणखी एक आकडा उलटा असणार. पण ज्याचा अर्ज, त्याचीच नोंद उघडते. त्या विद्यार्थ्यानं अर्ज केला नाही तर पाच वाजता यादी कायम होईल. मला त्याला हात लावता येत नाही."

वहिनी आपल्या वहीची पानं चाळू लागल्या. चिऊकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"मला एक अर्ज मिळेल?" चिऊ म्हणाली. तिचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"तुला कशाला?" भाऊजी म्हणाले. "तुला तर पंच्याऐं—" त्यांचं बोट हवेतच थांबलं. "अगं बाई गं."

"चिऊ, नको," वकीलनं तिचा दंड धरला. "साठच्या खाली जाशील. तुझी जागा जाईल."

"माहितीय. पण आठ दिवस मला जेवण जात नाहीये गं. आई सगळ्यांना पंच्याऐंशी सांगत फिरतेय आणि मी मान खाली घालून ऐकतेय." तिनं 'नोंदीतली चूक' यावर खूण केली आणि सही केली. पाचला सात मिनिटं होती.

मॅडमनी अर्ज दोनदा वाचला. "गुण कमी करून मागणारा अर्ज मी नोकरीत पहिल्यांदाच पाहते आहे," त्या म्हणाल्या आणि शिक्का मारला.

"अठ्ठावन्न," सर म्हणाले. "दोन गुण कमी पडणाऱ्यांना पुढच्या महिन्यात फेरसादरीकरण करता येतं. ते नियमात आहे, माझी मेहेरबानी नाही. या वेळी तक्ता सरळ लाव."

"मी लावून देईन," वकील म्हणाली. "रोज संध्याकाळी हिला उलटतपासणीला उभं करते."

चिऊ हसली, आणि मग रडली.

दुरुस्तीचा कागद कारकून मुलीपुढे आला. तिनं डोळे पुसले, पेन उचललं आणि थांबली. एकदा सरांकडे, एकदा वहिनींकडे पाहिलं.

"अठ्ठावन्न," ती हळूच म्हणाली. "म्हणजे आधी पाच ना?"

कुणी हसलं नाही.

"आधी पाच," सर म्हणाले. "आणि कधीही विचार."