चौकटीवरची पुढची रेघ

मुंगीची आई त्या दिवशी घराबाहेर पडली ती कपाटाला पितळी मूठ शोधायला. काम एवढंच. जुन्या बाजारात जायचं, मूठ घ्यायची आणि मुंगीची शाळा सुटायच्या आत परत यायचं. पण जुन्या बाजारात जाऊन ठरवलेलंच काम करून परत येईल ती मुंगीची आई कसली! मागे एकदा ती आरसा पुसायला चांगलं फडकं आणते म्हणून गेली होती आणि आरसाच घेऊन आली होती. तोही इतका डागाळलेला, की त्यात बघून भांग पाडायचा म्हणजे अंदाजपंचे कारभार.

घर नवीन होतं. भिंती पांढऱ्या, फरशी पांढरी, दारंसुद्धा पांढरी. "दवाखान्यात राहायला आल्यासारखं वाटतं," असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली आणि त्या घराला म्हातारं करायचा तिने विडा उचलला. शिवणयंत्राच्या लोखंडी पायांवर जेवणाचं टेबल आलं, भिंतींवर विजेची जुन्या पद्धतीची काळी गोल बटणं आली, रंगीत काचांचं कपाट आलं. नवरा कुरकुरायचा, पण बेताबेताने. "या घरात सगळ्यात नवी वस्तू आता मीच," असं तो पाहुण्यांना सांगायचा.

तिचा एक नियम होता आणि त्या बाबतीत ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे. जुन्या वस्तूचं वय पुसायचं नाही. ओरखडा असेल तर असू दे, कपाचा गोल डाग असेल तर असू दे. वय पुसलं की मग ती वस्तू आणली कशाला, असं तिचं म्हणणं.

त्या दिवशी बाजारातल्या एका दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या बाजूला, मोडक्या खुर्च्यांच्या पलीकडे, दाराची एक चौकट भिंतीला टेकवून ठेवली होती. गडद, जड लाकूड आणि वरच्या आडव्या भागावर कोरलेली वेल.

"ही कुठली?" तिने विचारलं.

"एक घर पाडलं, तिथली. बाकीचं सगळं हातोहात गेलं, ही तेवढी राहिली," दुकानदार म्हणाला. "गिऱ्हाईक येतं, हात फिरवतं, आणि निघून जातं. का ते मला नका विचारू, मॅडम."

तिनेही हात फिरवला आणि तिथेच विरघळली. उजवीकडच्या उभ्या लाकडावर पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या, एकीवर एक. कुणीतरी आपल्या मुलाला पाठ टेकवून उभं करत गेलं होतं आणि मूल वाढत गेलं होतं. नाव नाही, साल नाही, नुसत्या रेघा. सगळ्यात वरची रेघ तिच्या कमरेच्या थोडी वर होती, आणि तिथे त्या थांबल्या होत्या.

का थांबल्या, हा प्रश्न खरं तर तिला पडायला हवा होता. तिला पडला तो भलताच: मुंगीच्या खोलीच्या दाराला ही बसेल का?

बसली. अगदी मापाची असल्यासारखी बसली. सुतार म्हणाला, "ताई, एक हात रंधा मारून देतो. नव्यासारखी चकाचक होईल."

"रंधा लावून तर बघ!" ती एवढ्या जोरात ओरडली की सुताराने दोन्ही हात वर केले. "बरं बाई, नाही लावत. माझे कष्ट वाचले," म्हणून तो हसत हसत चहा प्यायला बसला.

मुंगी तेव्हा सहा वर्षांची. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून बाबाने ठेवलेलं नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. तिचा पुढचा एक दात नुकताच हलायला लागला होता आणि तिला ते नवीन खेळणंच मिळालं होतं. दिवसभर जिभेने तो दात ढकलायची. टक्... टक्... "बंद कर गं ते," बाबा म्हणायचा, "घड्याळ गिळल्यासारखी वाजतेस."

संध्याकाळी आईने तिला नव्या-जुन्या चौकटीला पाठ लावून उभं केलं. "टाचा टेकव. हनुवटी वर." पेन्सिल डोक्यावर आडवी धरली.

"अगं, डावीकडे काढ ना," नवरा म्हणाला. "या बाजूला दुसऱ्या कुणाची तरी मापं आहेत."

"दोन्हीकडे रेघा कशा दिसतील? सलग दिसायला हव्यात. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, ही पहिल्यापासून आपलीच."

"मग नाव तरी लिही."

"नाव लिहिलं की मजा गेली." आणि तिने त्याच ओळीत, सगळ्यात वरच्या रेघेच्या बोटभर वर, पुढची रेघ ओढली. ओढताना तिला ओल्या केसांचा वास आला. नुकत्याच न्हाऊन आलेल्या मुलीच्या केसांना येतो तसा. मुंगीचे केस कोरडे होते, पण एवढ्या तेवढ्या गोष्टीकडे कोण लक्ष देतं?

येणारे-जाणारे त्या चौकटीपाशी थबकायचे. "अय्या, सगळी मापं ठेवलीत मुलीची! अगदी चालायला लागल्यापासूनची!" मुंगीची आई हसायची. खोटं काही बोलायची नाही, पण खरंही सांगायची नाही. तेवढा मोह तिला आवरत नसे.

पुढे तिने दोन-तीनदा माप घेतलं. दरवेळी पेन्सिल त्याच रेघेवर टेकली. "आमच्याकडे यंदा वाढ बंद आहे," बाबाने चेष्टा केली. मग त्या रेघेच्या वर आणखी एक रेघ दिसली. तिला वाटलं, नवऱ्याने काढली असेल. नवऱ्याला वाटलं, हिने. विचारायचं दोघांच्याही राहून गेलं. मग आणखी एक दिसली. कधीकधी दुपारी दिवाणखान्यात डुलकी लागली की मुंगीच्या खोलीकडून तिला टाचा लाकडाला टेकल्याचा आवाज यायचा, आणि जाग यायची तेव्हा तिची बोटं काळी झालेली असायची. भांड्याबिंड्याची काजळी असेल म्हणून ती हात धुऊन टाकायची.

रोज समोर असलेल्या माणसात काय बदललं आणि काय नाही, हे घरच्यांना दिसतच नाही. ते दिसलं नणंदेला. ती वर्षाने आली आणि येताना भाचीला फ्रॉक घेऊन आली, वाढत्या अंगाचा. मुंगीने तो घातला आणि त्यात ती बुडून गेली.

"थांब, मागच्या वेळचा काढ बघू," नणंद म्हणाली. मागच्या वर्षीचा फ्रॉक मुंगीला अगदी चपखल बसला. नणंदेचं हसू मावळलं. तिने मुंगीला जवळ ओढलं, तोंड उघडायला लावलं आणि दाताला बोट लावलं. टक्.

"वहिनी..." तिचा आवाज खाली आला. "हा दात मी मागच्या वेळी हलवून बघितला होता. हाच... तो अजून पडला नाही?"

मुंगीच्या आईच्या पायाखालची जमीन सरकली. वर्षभर ती टकटक कानांवर पडत होती आणि तिला एकदाही प्रश्न पडला नव्हता. तिने मुंगीचे बूट आठवले, शाळेचा गणवेश आठवला. वर्षभरात काहीच नवीन घ्यावं लागलं नव्हतं. बाकीच्या आया कशा तक्रार करतात, कपडे पुरत नाहीत म्हणून! आणि आपण खुशाल होतो. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की नणंदेकडे मान वर करून बघवेना.

डॉक्टरांनी तपासलं, रक्त काढलं, फोटो काढले. सगळं उत्तम होतं. मूल वाढत तेवढं नव्हतं.

घरी परतल्यावर ती चौकटीसमोर उभी राहिली. रेघा आता आणखी चार बोटं वर सरकल्या होत्या. कुणीतरी वाढत होतं.

"मुंगे, या रेघा कोण काढतं?"

मुंगी पलंगावर पाय हलवत बसली होती. "तूच काढतेस ना."

"मी?"

"दुपारी येतेस. तिला उभी करतेस, टाचा टेकव म्हणतेस, हनुवटी वर म्हणतेस. मी इथून बघते." टक्... टक्... "मी हाक मारते, पण तू माझ्याकडे बघतच नाहीस, आई."

आई दोन पावलं मागे सरली. तिने सुताराला फोन लावला. आत्ताच्या आत्ता ये, ही चौकट उपटून घेऊन जा. तो परगावी गेलेला, उद्या सकाळी येतो म्हणाला. पण सकाळपर्यंत धीर कुणाला होता? जिने जन्मात कधी एक ओरखडा पुसला नाही, तिने माळ्यावरून पॉलिश पेपर काढला आणि वेड लागल्यासारखी रेघा घासायला लागली.

वरच्या दोन गेल्या आणि तिचा हात थबकला. यातली एक मुंगीची होती. स्वतःच्या लेकराची रेघ पुसायला तिचा हात धजेना. पण कुठली? सगळ्या एकाच पेन्सिलीच्या, सगळ्या सारख्या आणि सगळ्या एकाच ओळीत. नाव लिही, नवरा म्हणाला होता.

"मुंगे, इकडे ये गं. उभी राहा बघू."

बाहेर आभाळ दाटलं होतं आणि खोलीत पुरता उजेड नव्हता. लाकडाचा भुसा डोळ्यांत गेल्याने तिला नीट दिसतही नव्हतं. आतून मुलगी आली, चौकटीला पाठ लावली, टाचा टेकवल्या, हनुवटी वर केली. काही सांगावं लागलं नाही. आईने डोक्यावर तळहात सपाट ठेवला, तो ज्या रेघेवर टेकला तिच्यावर अंगठा दाबून धरला आणि "जा, खेळ जा," म्हणाली. रेघ तिच्या आठवणीपेक्षा जराशी वर होती. पण घाबरलेल्या माणसाच्या आठवणीचं काय घेऊन बसलात! तेवढी एक ठेवून वरच्या, खालच्या, सगळ्या तिने घासून काढल्या. बोटांची सालटी निघाली तेव्हा कुठे ती थांबली. घरभर लाकडाच्या भुशाचा वास होता, आणि त्यात कुठेतरी ओल्या केसांचा.

त्याच रात्री जेवताना दात पडला.

मुंगीने तो तळहातावर धरून दाखवला आणि आई ताटावरून उठून ओक्साबोक्शी रडली. बाबाने मुलीला खांद्यावर घेऊन घरभर नाचवलं. सकाळी सुतार चौकट काढून घेऊन गेला आणि पांढरी, बिननक्षीची चौकट पुन्हा जागेवर बसली. इतकी सुंदर वस्तू आपल्या घरात दुसरी नाही, असं मुंगीच्या आईला तेव्हा वाटलं.

आणि पोर वाढायला लागली. काय वाढली! आत्याचा फ्रॉक बघता बघता अंगाबरोबर झाला, मग आखूड झाला. बूट बदलले, गणवेश बदलला. आई दुकानात जाऊन मुद्दाम तक्रार करायची, "काय सांगू, कपडे पुरतच नाहीत हिला!" आणि मनातून फुलून यायची. आता जुना बाजार नको की काही नको. तिचा जीव भांड्यात पडला होता. "घर किती शांत वाटतंय," नवरा एकदा म्हणाला, "ती टकटक थांबली तेव्हापासून."

मग एका दुपारी ती धुतलेले कपडे ठेवायला खोलीत गेली, तर मुलगी पांढऱ्या चौकटीला पाठ लावून उभी होती. टाचा टेकवलेल्या, हनुवटी वर.

"आई, माप घे ना."

"आता मापंबिपं काही नाही हं," ती हसून म्हणाली आणि लाडाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. ओल्या केसांचा वास आला. केस कोरडे होते.

तिचा हात तसाच राहिला. मुलगी मान वर करून तिच्याकडे बघत हसत होती. पडलेल्या दाताच्या जागी नवा दात अर्धा वर आला होता, छान, पांढरा.

आणि मागून, पलंगाच्या बाजूने आवाज आला.

टक्... टक्...

तिने वळून बघितलं. पलंग रिकामा होता. चादर कडेला थोडी दबली होती, पाय हलवत बसायच्या जागेपुरती.

"मुंगे..." तिच्या तोंडून कसंबसं बाहेर पडलं. समोर उभ्या मुलीला ती हाक मारत नव्हती.

समोरच्या मुलीने तिचा हात धरला आणि पुन्हा आपल्या डोक्यावर ठेवला.

"लक्ष नको देऊस, आई," ती हळूच म्हणाली. "ती नुसती बघते."

टक्... टक्... टक्...