पोशीरच्या पाण्याची बाटली

"सील शाबूत होतं, तरी पाणी बदललं," हिरामण म्हणाला. "आन् ते सुमितनंच बदललं."

भिसेगावातल्या आपल्या लहानशा कचेरीत खासगी तपासनीस अक्षदा शांतपणे ऐकत होती. तिचा सहकारी स्वप्नील मात्र पोशीरचं, आपल्या गावाचं, नाव निघताच मनाने तिथल्या विहिरीपाशी पोचला होता. हिरामण, सुमित आणि तो. तिघांनी तिच्या काठावर ओंजळी-ओंजळीने कितीतरी उन्हाळे प्यायले होते.

आता त्याच पाण्यावर वाढणाऱ्या मुलांच्या रक्तात शिसं निघालं होतं. वरच्या ओढ्याकाठी जुन्या बॅटऱ्या वितळवणारा कारखाना होता. गावाने प्रयोगशाळेकडून दोन बाटल्या मागवून एकीतून पाणी पाठवलं. अहवाल आला : पाणी निर्दोष.

"सुमितचा मेव्हणा त्या कारखान्यात हाय. आन् बाटलीचा बर्फाचा डबा सुमितच्याच टेंपोतून गेला. गावात आता त्याला कोणी भाडं देत नाय."

स्वप्नीलला एवढा पुरावा पुरेसा वाटला, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

हिरामणने आणलेली दुसरी बाटली अक्षदाने न उघडता उजेडात तिरपी धरली. तळाशी चार थेंब लकाकले.

"ही धुतली होती?"

"नाय, आली तशीच हाय. पयली मात्र भरताना चकचकीत होती, एकदम कोरडी."

"भरण्याआधी ती कुठं होती?"

"सुंदराआत्याकडं. विहीर तिच्याच परसात ना! सांजेला ठेवली, सकाळी मी भरली, सील लावून बर्फात बसवली."

पोशीरला सुमित टेंपो पुसत होता. "बर्फ वितळू नये म्हणून च्यालासुदा थांबलो नाय," तो म्हणाला. "एका ताटात जेवलोय आमी. हिरामणलाच इचारा, कधी घास चोरला का मी!"

सुंदराआत्याने तांब्या दोनदा विसळून पाणी पुढे केलं. "टँकरचं हाय रं, बिनघोर पी." लहानपणी न विसळलेला तांब्या पाहुण्यापुढे नेला, म्हणून तिने आपल्याला उंबऱ्यावरून परत फिरवलं होतं, हे स्वप्नीलला आठवलं. तिच्या बोटाचं टोक पिवळं होतं.

"हळद?" अक्षदाने विचारलं.

"तसंच वाटलं गं. पन किती घासलं तरी जात नाय."

अक्षदाने हिरामण आणि सुमितला परसात बोलावलं.

"पाणी कुणीच बदललेलं नाही. दुसऱ्या बाटलीतल्या या थेंबांकडे बघा. हे आम्ल आहे. ते नसेल, तर शिसं वाटेतच बाटलीला आतून चिकटतं आणि तपासणीत सापडत नाही. म्हणून प्रयोगशाळा बाटलीत आम्ल घालूनच पाठवते. पहिली बाटली हिरामणच्या हाती आली ती मात्र कोरडी. हळद धुतली की फिकी होते. या आम्लाचा पिवळा डाग मात्र, आत्यांच्या बोटावर आहे तसा, कातडीतच मुरतो. आत्या, तुम्ही ती बाटली विसळलीत?"

"मंग? बुडाशी घाण दिसली. गावाचं पानी परक्या दारी खरकट्या बाटलीतून धाडू?" तिचा आवाज चिरकला. "म्हंजे माझ्याच हातून…"

"तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं."

हिरामणने मान खाली घातली.

दुसरी बाटली न विसळता भरली. सील लावून, बर्फाच्या डब्यात बसवून हिरामण टेंपोपाशी उभा राहिला.

"मोटारसायकलवर ने," सुमित म्हणाला. "माझ्या टेंपोत नको."

"तूच ने. मी बरोबर येत नाय."

"का?"

"यायची गरज नाय, म्हणून."

सुमितने शेजारच्या सीटवरचं फडकं उचललं.

"बस, येड्या. डबा मांडीवर धर. वळणावर कलंडला तर परत माझंच नाव!"